कम्युनिटी कॉलेजात डीन व्हायचंय, आधी डॉक्टरेट करू का?

तुम्ही लिहिलंय की कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात (म्हणजे मुख्यतः दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) तीन वर्षं ॲडजंक्ट म्हणून, म्हणजे अर्धवेळ, गणित शिकवताय, पुढे डीन, म्हणजे काही विभागांचे प्रमुख, आणि जमलं तर प्रेसिडेंट, म्हणजे अख्ख्या कॉलेजचे प्रमुख, व्हायचंय, तर डॉक्टरेटला आत्ताच ॲडमिशन घ्यावी का. माझं मत विचाराल तर आत्ता नको. मी पण इथे ॲडजंक्टच होते, मग फुलटाइम, मग डिपार्टमेंट चेअर आणि आता डीन आहे.

नियमाने डीनला मास्टर्स आणि एक वर्षाचा नेतृत्वाचा अनुभव किंवा ट्रेनिंग एवढंच लागतं. प्रेसिडेंटच्या जाहिरातीत बऱ्याचदा डॉक्टरेट असल्यास प्राधान्य असं असतं, म्हणजे कधीतरी करावी लागेल, पण ईडीडी, म्हणजे शिक्षण विषयातली डॉक्टरेट, नोकरी सांभाळून पुढेही करता येते. तुमची खरी अडचण फुलटाइम जागेची आहे. ॲडजंक्टला एका डिस्ट्रिक्टमध्ये (एका बोर्डाखालच्या कॉलेजांत) फुलटाइमच्या ६७ टक्क्यांहून जास्त लोड, म्हणजे तास, देत नाहीत, म्हणून गाडीत पेपरांचे गठ्ठे टाकून दोन-तीन कॉलेजं फिरावी लागतात, मी फिरलेय, त्यात वर पीएचडीचं ओझं घेऊ नका. त्यापेक्षा ट्यूटरिंग सेंटरचं किंवा एखाद्या ग्रँटवर, म्हणजे अनुदानावर, चालणाऱ्या कामाचं कोऑर्डिनेटरपद मिळतंय का बघा, अनुभव म्हणून ते दाखवता येतं.

आणि हे काम नक्की काय आहे ते आधी जवळून बघा. लोकांना वाटतं डीन म्हणजे मीटिंगा आणि भाषणं. माझा निम्मा जीव वेळापत्रकात अडकलेला असतो. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीचे दोन आठवडे कुठला वर्ग ठेवायचा, कुठला कॅन्सल करायचा हेच चालतं, आमच्याकडे साधारण २० मुलं नसतील तर वर्गावर टांगती तलवार. पहिल्याच वर्षी मी ११ मुलांचा संध्याकाळचा ॲनाटॉमीचा वर्ग कॅन्सल केला, आकड्यांप्रमाणे बरोबरच होतं. त्यात एक बाई होत्या, दिवसा वृद्धाश्रमात काम, दोन मुलं, नर्सिंगला अर्ज करायला हाच एक विषय राहिलेला आणि दिवसाचा वर्ग त्यांना जमणं शक्य नव्हतं. त्यांचं वर्ष गेलं. त्या माझ्या ऑफिसात येऊन शांतपणे एवढंच म्हणाल्या की पुढच्या वर्षी तरी ठेवा. तेव्हापासून कॅन्सल करायच्या आधी मी यादीतल्या प्रत्येकाला फोन करायला लावते, दुसरा वर्ग बसतोय का ते विचारते, आणि एखाद्या विषयाचा संध्याकाळचा एकच वर्ग असेल तर व्हीपीशी, म्हणजे माझ्या वरच्या व्हाइस प्रेसिडेंटशी, भांडून ठेवते.

दुसरं म्हणजे इथे हुकूम चालत नाही. १९८८ च्या कायद्यापासून अभ्यासक्रम, ग्रेडिंग वगैरे गोष्टींत अकॅडेमिक सेनेटचं, म्हणजे प्राध्यापकांच्या प्रतिनिधी मंडळाचं, मत घ्यावंच लागतं, अशा विषयांच्या यादीला सगळे टेन प्लस वन म्हणतात, मुलाखतीत विचारतातच. आपल्याकडे प्राचार्यांनी सही केली की विषय संपतो तसं इथे नाही, वर निवडून आलेलं बोर्ड आणि त्याच्या सभा लोकांना खुल्या. २०१७ चा एबी ७०५ हा राज्याचा कायदा आला तेव्हा मुलांना वर्षानुवर्षं रेमेडियल, म्हणजे कॉलेजच्या पातळीखालच्या, गणितात अडकवणं थांबवायचं होतं, आमच्या गणितवाल्यांना ते अजिबात पटत नव्हतं, मुलं नापास होतील ही त्यांची काळजी खोटीही नव्हती. मी दर शुक्रवारी त्यांच्यात जाऊन बसायचे, शेवटी मुख्य वर्गालाच जोडून मदतीचा जादा तास लावायचं ठरलं आणि ते त्यांनीच सुचवलं. तुम्ही गणिताचे आहात, हा वाद तुम्हाला आतून माहीत असणार, मुलाखतीत त्यावर नक्की बोला.

एक सावधगिरीची गोष्ट. पुढे फुलटाइम टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक, मिळालं आणि डीनपद त्याच डिस्ट्रिक्टमध्ये घेतलं तर परत शिकवायला जायचा हक्क बहुधा राहतो, दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये गेलात की ते टेन्युअर सोडावं लागतं, त्यामुळे सही करण्याआधी एचआरकडून हे लेखी घ्या.

सध्या एवढं करा, तुमच्या डीनला ईमेल टाका की फॉलचं, म्हणजे ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या सेमिस्टरचं, वेळापत्रक लावताना एक दिवस मला शेजारी बसू द्या. मला कोणी असं विचारलं तर मी आनंदाने खुर्ची ओढून देईन.