रात्रीची गार्ड, नवं पोरगं आणि न झोपणारा हवालदार

"मॅडम, ड्यूटीवर झोप येते अन् घरी आल्यावर येत नाही. एखादी गोळी लिहून देता का?"

समुपदेशक गोळी लिहून देत नाहीत, हे सांगून झाल्यावर खरा प्रश्न बाहेर आला. कामठीकडच्या एका लष्करी युनिटातले हवालदार, नोकरी 16 वर्षं, मूळ वऱ्हाडातले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) महिन्यातून सात-आठदा गार्ड कमांडर, म्हणजे रात्रीच्या पहाऱ्याच्या तुकडीचे प्रमुख. गार्डमधलं एक पोरगं, जेमतेम दीड वर्षाची नोकरी, रात्री दोन ते चारच्या पहाऱ्यात उभ्याउभ्या डुलक्या काढताना दोनदा सापडलेलं. "रिपोर्ट केली तर पोट्ट्याचं वाटोळं होते. नाही केली अन् काही झालं तर माझं. म्हणून मीच रातभर जागतो जी. दर अर्ध्या तासानं चक्कर मारतो."

त्यांची भीती फुकटची नव्हती. पहाऱ्यावर झोपणं हा आर्मी अ‍ॅक्ट 1950 च्या कलम 36 खाली गुन्हा आहे. पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय चुकीचा होता. सलग 17 तास जागा असलेला माणूस रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. पहाटे 5 ला पीटीसाठी उठलेले हवालदार रात्री 10 वाजताच तिथवर पोचत होते, आणि पुढची सगळी रात्र त्याच डोक्याने भरलेल्या रायफलींची जबाबदारी सांभाळत होते.

सल्ला देण्याआधी त्यांना गार्डची पाळी कागदावर मांडायला लावली. दोन तास पहारा, चार तास आराम. पहिली जोडी संध्याकाळी 6 ते 8 आणि मग 12 ते 2. दुसरी 8 ते 10 आणि 2 ते 4. तिसरी 10 ते 12 आणि 4 ते 6. ते पोरगं प्रत्येक गार्डला दुसऱ्याच जोडीत.

"कोणी ठरवलं?"

"ठरवलं असं नाही. नवीन आहे, तर त्यालेच देतात."

पहाटे 3 ते 5 हा शरीराचा सगळ्यात पडेल काळ. अंगाचं तापमान तेव्हा सर्वात खाली असतं. तो काळ दर वेळी एकाच माणसाच्या वाट्याला आला, तर त्याच्या डुलकीत त्याचा दोष कमी आणि कागदाचा जास्त. मग दुसरा प्रश्न: रात्री 10 ते पावणेदोन हे पोरगं करतं काय? पुढच्या भेटीला हवालदार उत्तर घेऊन आले. 10 ला पहारा सुटला की बूट सैल करून घरी फोन, साडेअकरापर्यंत. डोळा लागायला पावणेबारा. 1:50 ला हाक आणि 2 ला पोस्टवर. म्हणजे जेमतेम दोन तासांची झोप, तीही गाढ झोपेतून ओढून काढलेली. अशा जागेपणाची गुंगी उतरायला 15 ते 30 मिनिटं लागतात. तेवढा वेळ तो "थम, कौन आता है" म्हणेल खरं, पण समोर कोण आलं हे त्याला उमजेलच असं नाही.

कागदावर मग एवढेच बदल झाले. जोड्यांचा क्रम दर गार्डला एक घर पुढे सरकणार आणि तो रजिस्टरात लिहिला जाणार. तोंडी ठेवला की पंधरा दिवसांत जुनं चालू होतं. उठवायचं 1:35 ला: तोंडावर पाणी, अर्धा कप चहा, बॅरकीबाहेर दोन चकरा, मग हत्यार. घरचा फोन 8 च्या पहाऱ्याआधी. आणि गार्डमधल्या नंबर दोनच्या नायकाबरोबर हवालदारांनी रात्र वाटून घ्यायची: 10 ते 2 एकाची झोप, 2 ते 6 दुसऱ्याची. शेवटच्या कलमावर हवालदार सर्वात जास्त अडले. पोरं जागी असताना आपण झोपायचं म्हणजे हरामखोरी, असं त्यांच्या मनात पक्कं होतं. चेकिंग दर अर्ध्या तासाला नसून वेळ बदलून व्हावी, हे मात्र लगेच पटलं. ठरलेल्या वेळेची चक्कर पोरांना पाठ होते.

इथेच केस संपली असती. पण तो रोजचा दीड तासाचा फोन कशाचा, हे विचारायचं राहिलं होतं. गावाकडे काकाने बांध कोरलेला, वडील बीपीचे पेशंट, आई रोज रडते. आणि मग हवालदार सहज बोलून गेले, "एकदा म्हणे, उस्ताद, आता काही उरलं नाही. मी म्हटलं, चल बे, मर्द होय का नाही."

"आता काही उरलं नाही" हे वाक्य ऐकलं की पाळीचा कागद बाजूला ठेवायचा. अशा वेळी त्याला आडोशाला घेऊन थेट विचारावं: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी ऐकतंय हे कळतं. उत्तर "हो" असो किंवा नुसती गप्प मान, त्या रात्री त्याच्या हातात हत्यार नको. पण चार जणांसमोर रायफल काढून घेणं हा सगळ्यात वाईट प्रकार. "टेलिफोनवर माणूस कमी आहे, तू तिकडे बस," असं म्हणून पाळी बदलावी, बडीला, म्हणजे त्याच्या जोडीदार जवानाला, सोबत बसवावं, एकटं सोडू नये. जेसीओ साहेब (हवालदाराच्या वरचे अधिकारी) आणि आरएमओ (युनिटचे डॉक्टर) यांना तेव्हाच, रात्री दोन वाजता असलं तरी कळवावं. सकाळी बघू म्हणण्यातच घात होतो. पोरगं स्वतः बोलायला तयार असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो; फौजींसाठी त्याचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात 1 डिसेंबर 2023 ला सुरू झाला.

"कॅटेगरी लागली तर?", म्हणजे वैद्यकीय दर्जा खाली आला तर, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. फौजी वैद्यकीय दर्जाच्या 'शेप' (SHAPE) या पद्धतीतला एस म्हणजे मानसिक स्थिती, हे प्रत्येक जवानाला माहीत असतं आणि म्हणूनच तो तोंड उघडत नाही. नुसतं बोलल्याने कॅटेगरी लागत नाही. ती मेडिकल बोर्ड ठरवतं आणि तात्पुरती असेल तर ठरावीक आठवड्यांनी पुन्हा तपासतं. कॅटेगरी लागलीच तर प्रमोशन लांबू शकतं, हे खरं आहे. ते लपवून समजूत काढू नये.

हवालदारांनी त्याच संध्याकाळी पोराला गाठलं. मरण्याचा बेत नव्हता, पण "झोपून उठूच नये असं वाटते" एवढं तो बोलला. आरएमओने तपासलं, आठवडाभर हत्याराविना ड्यूटी, मग वार्षिक 60 दिवसांच्या सुट्टीतले 20 दिवस. सीओ साहेबांचं (युनिटच्या प्रमुखांचं) पत्र जिल्हाधिकाऱ्यांना गेलं आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही अर्ज पडला. बांधाची मोजणी अजून व्हायची आहे.

हवालदारांची स्वतःची झोप राहिली होती. मे महिन्यात नागपुरात दुपारी 45 अंशांत क्वार्टरमध्ये काय झोपणार? म्हणून सकाळचीच वेळ धरायची. गार्ड सुटल्यावर 20 मिनिटं तिथेच आडवं होऊन मगच मोटारसायकल काढायची, कामठी रोडचे ट्रक पेंगणाऱ्याला माफ करत नाहीत. वाटेत काळा चष्मा, डोळ्यांवर ऊन पडलं की झोप उडते. तर्री पोहे चालतील, चहा नको. त्याचा असर पाच-सहा तास राहतो, आणि तसाच पहाटे 4 नंतरही तो टाळायचा. खिडकीला जाड चादर, कूलर आधीपासून चालू, साडेआठ ते साडेबारा झोप. उरलेला तास-दीड तास संध्याकाळी.

"बायकोनं कूलरमध्ये नवीन वाळा भरला," शेवटच्या भेटीत ते म्हणाले. "अन् परवाच्या गार्डला दोन ते चारची पाळी आमच्या सगळ्यात जुन्या लान्स नायकाले आली. लय कुरकुरला जी."