धातुशोधक कोणता घ्यावा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : निफाड तालुक्यातील आमच्या पडक्या वाड्यात हंडा पुरला आहे, असे आजोबा सांगत. वीस मीटर खोलीवरचे सोने दाखवणारे यंत्र एक जण विकत आहे. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये. धातुशोधकाची कॉइल (तारेचे वेटोळे) जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइल टिपते. परंतु खोली वाढू लागली की हा प्रतिसाद इतक्या झपाट्याने मंदावतो, की सुटे नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. धातूच्या हंड्यासाठी मोठी कॉइल किंवा दोन पेट्यांचे यंत्र लागते, आणि त्याचीही मजल मीटरभर किंवा थोडी अधिक असते. दुरूनच सोन्याच्या दिशेने वळणाऱ्या अँटेनाच्या यंत्रांविषयी तर बोलायलाच नको. ती वळतात धरणाऱ्याच्या मनगटाने.

शिवाय, जागा स्वतःची असली तरी १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक मूल्याचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते; दडवून ठेवणाऱ्याला कैदही होऊ शकते. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला होता. हा इतिहास कळला, तो एवढी नाणी एकत्र अभ्यासता आली म्हणूनच.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थी असून परवानगी घेऊन मित्राच्या सिन्नरच्या शेतात जुनी नाणी शोधायची आहेत. पहिले यंत्र कोणते असावे?

उत्तर : साध्या व्हीएलएफ (अतिनिम्न वारंवारतेच्या) प्रकारचे, ५ ते १५ किलोहर्ट्झच्या दरम्यान चालणारे यंत्र नाण्यांना पुरेसे आहे, मात्र त्याला ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा प्रतिसाद वगळण्याची सोय, हवाच, आणि तोही हाताने जुळवता येणारा. आपली माती बेसॉल्टची असून तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. कारखान्यात कायमचा बॅलन्स लावून दिलेले स्वस्त यंत्र अशा मातीवर सतत किरकिरते किंवा नाणे असूनही गप्प राहते. म्हणून दुकानातल्या टेबलावरील प्रात्यक्षिकावर जाऊ नका, विक्रेत्याला शेतात बोलवा. धातू नसलेल्या जागी कॉइल फूटभर उंचीवरून जमिनीलगत आणा, पुन्हा वर न्या, आणि वर-खाली करताना आवाज बदलेनासा होईपर्यंत बॅलन्स फिरवा; जो विक्रेता हे करून दाखवू शकत नाही, त्याच्याकडून यंत्र घेऊ नये. खिळे फार असतील तर लहान कॉइल बरी, कारण ती खोली कमी गाठते, पण खिळ्याशेजारचे नाणे वेगळे ओळखते. पल्स इंडक्शन (सलग लहरींऐवजी विजेचे तुटक ठोके सोडणाऱ्या) यंत्राला अशी माती कमी त्रास देते, पण त्यातील बहुतेकांना लोखंड नीट वेगळे करता येत नाही, त्यामुळे शेतात दिवसभर नालच उकरत बसावे लागेल. पांडवलेणीसारख्या संरक्षित स्मारकाच्या आवारात मात्र यंत्र घेऊन जाण्याचा विचारही करू नये.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला माझी सोन्याची अंगठी पडली. भाड्याने यंत्र आणून सापडेल का?

उत्तर : शक्यता चांगली आहे. आधी चौकशी करा, की यंत्र पूर्ण जलरोधक आहे की केवळ त्याची कॉइल. अनेकांची वरची पेटी पाण्यात गेली की बिघडते. पाणी गोडे असल्याने व्हीएलएफ चालेल, समुद्रकिनाऱ्याप्रमाणे मल्टिफ्रीक्वेन्सीची (एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणाऱ्या यंत्राची) गरज नाही. डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू गाळण्याची सोय) मात्र जवळजवळ बंद ठेवा, कारण नाजूक अंगठी आणि गोळ्यांच्या पाकिटाचा वर्ख यंत्राला सारखेच वाटतात. वर्ख टाळायला गेलात, तर अंगठीही टळेल. घाई नसेल तर उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर शोधा, तेच सोपे.

प्रश्न : नाशिकच्या खाणींतील झिओलाइटचे स्फटिक यंत्राने शोधता येतात का?

उत्तर : नाही. ते धातू नाहीत, त्यामुळे यंत्र वाजणार नाही. त्यासाठी खाणमालकाची परवानगी, हेल्मेट आणि नजर हवी.