21 दिवस पाकीट उघडल्यापासून मोजायचे नसतात

न्यू जर्सीतल्या एका वाचकांनी विचारलंय (असे मेल मला बरेच येतात म्हणून सगळ्यांसमोर उत्तर देतोय) की त्यांचं दागिन्यांचं ऑनलाइन दुकान आहे, नवरा-बायकोची एलएलसी (कायद्याने मालकांपासून वेगळी धरली जाणारी कंपनी), आणि न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात एका अंध ग्राहकाने केस टाकलीये, की स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरून साइटवर खरेदी पूर्ण करता येत नाही. कोर्टाच्या कागदांचं पाकीट त्यांनी 4 दिवसांपूर्वी उघडलं. "आमचं दुकान फक्त वेबसाइटवर, मग एडीए (अपंगांशी भेदभाव रोखणारा अमेरिकेचा कायदा) कसा लागतो?"

ते नंतर बघू. तुमच्याच मेलमध्ये खाली रजिस्टर्ड एजंटचा (कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद घेणाऱ्याचा) निरोप जोडलाय, त्यात समन्स मिळाल्याची तारीख 13 दिवसांपूर्वीची आहे. कोर्टात उत्तर द्यायचे 21 दिवस तिथून मोजतात, एजंटला मिळालं म्हणजे कंपनीला मिळालं. शनिवार-रविवारही मोजायचे, फक्त शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत चालतं. म्हणजे हातात साधारण 8 दिवस आहेत. तुम्ही 17 समजून निवांत बसलायत.

आणि "उत्तर मीच लिहून पाठवतो" हे डोक्यातून काढा. एलएलसीला फेडरल कोर्टात स्वतः उभं राहता येत नाही, वकील लागतोच. तुमचं पत्र बाजूला ठेवून डिफॉल्ट (मुदतीत उत्तर दिलं नाही असं) नोंदवलं गेलं की ते उठवायला कारणं द्यावी लागतात आणि खर्च वेगळाच. उद्याच वकील गाठा, तो समोरच्या वकिलाला फोन करून मुदतवाढ मागेल, बहुतेक वेळा मिळते. विमा असेल तर त्यांनाही आजच कळवा, पॉलिसीत हे बसतं की नाही ते वाचल्याशिवाय मी सांगणार नाही.

आता तुमचा प्रश्न. निव्वळ वेबसाइटला एडीए लागू होतो का यावर न्यूयॉर्कमधल्या न्यायाधीशांचीच मतं वेगवेगळी आहेत, त्यामुळे मुद्दा मांडता येतो पण त्यावर सगळं दुकान लावू नका. एडीएखाली फिर्यादीला नुकसानभरपाई मिळत नाही, साइट सुधारायचा आदेश आणि वकिलाची फी मिळते, पण सोबत राज्याचे आणि शहराचे कायदे जोडले असतील तर भरपाईचाही प्रश्न येतो. तक्रार वाचल्याशिवाय आकडा सांगणारा वकील टाळा.

मला राग येतो तो सहा महिन्यांपूर्वी तुम्हाला आलेल्या तक्रारीच्या पत्राचा. त्यात साफ लिहिलं होतं, अंगठीची साइज निवडायचा ड्रॉपडाउन कीबोर्डने उघडत नाही, फोटोंना वर्णन नाही, कार्टचं बटण नुसतं "बटण" असं ऐकू येतं. तुम्ही ते स्पॅम समजून डिलीट केलंत आणि साइट आपोआप अंधांना वापरता येईल असा दावा करणारं एक रेडिमेड विजेट बसवलंत. ड्रॉपडाउन अजून तसाच आहे, मी काल कीबोर्डवरून करून बघितलं. अशा विजेटच्या जाहिरातींवर विसंबू नका, 2025 मध्ये एफटीसीने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी अमेरिकेची सरकारी संस्था) अशी विजेट विकणाऱ्या अॅक्सेसिबी या कंपनीला तिच्या दाव्यांबद्दल 10 लाख डॉलर भरायला लावलेत. ज्या माणसाला अंगठी घ्यायची होती त्याला ती घेता आली नाही, हे खरंच झालंय.

डेव्हलपरला आत्ताच कामाला लावा, डब्ल्यूसीएजी 2.1 या, अपंगांना साइट वापरता यावी म्हणून ठरवलेल्या निकषांच्या एए पातळीचं, आणि स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसाकडून चेकआउट तपासून घ्या. जुन्या साइटची कॉपी मात्र जपून ठेवा, डिलीट काहीच करू नका, पुरावा आहे तो. तडजोड झाली तरी ती या एकाच फिर्यादीशी, साइट तशीच राहिली तर दुसरा अंध ग्राहक वेगळी केस टाकू शकतो. एजंटच्या मेलवरची तारीख वकिलाला पहिल्याच वाक्यात सांगा.