रात्री अंथरुणावर पडले की पायांत वळवळ सुटते, उठून चालले की थांबते. घरचे म्हणतात हा मनाचा खेळ आहे. मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्याव्यात का?

मॅग्नेशियमचे आधी उरकते: शरीरात त्याची कमतरता नसेल, तर या त्रासात त्याचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा नाही. मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नातल्या ‘मनाचा खेळ’ या दोन शब्दांमुळे, कारण ते मी स्वतः अनेक वर्षे ऐकले आहेत. थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरांनी या दुखण्याचे वर्णन १६७२ मध्ये लिहून ठेवले आणि कार्ल-एक्सेल एकबोम या स्वीडिश डॉक्टरांनी १९४५ मध्ये त्याला ‘रेस्टलेस लेग्ज’ हे नाव दिले. तेव्हा तुमच्या घरच्यांना हा शोध जरा उशिरा लागला आहे.

२०११ मध्ये माझ्या थोरल्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या मुलीचे लग्न मुंबईला होते आणि आम्ही सगळे मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघालो होतो. मला वरचा बर्थ मिळाला होता. दिवे मालवल्यावर पंधरा मिनिटांतच पोटऱ्यांच्या आत, अगदी हाडाला लागून, सोड्याची बाटली हलवून ठेवावी तसे काहीतरी फसफसू लागले. ते दुखणे नव्हते, मुंग्याही नव्हत्या, आणि खाजवून शमावे असे तर मुळीच नव्हते. पाय ताणला किंवा टाच बर्थच्या पत्र्यावर आपटली की दोन श्वासांपुरते बरे वाटे आणि पुन्हा तेच. शेवटी मी खाली उतरले आणि एका दाराजवळच्या बेसिनपासून दुसऱ्या दाराजवळच्या बेसिनपर्यंत, लोकांच्या चपला चुकवत, चालत राहिले. कराड गेले, सातारा गेले. तिकीट तपासनिसांनी “कोणाला शोधताय का?” असे विचारले, तेव्हा काय सांगावे तेच मला सुचले नाही. पुणे गेल्यावर कधीतरी मी दाराशेजारच्या पत्र्याला टेकून उभ्यानेच डुलकी काढली.

खालच्या बर्थवर वन्सं होत्या आणि माझ्या चढ-उतरण्याने त्यांची झोप तीनदा मोडली होती, याबद्दल त्यांचा राग मी समजू शकते. परंतु दुसऱ्या दिवशी हळदीला जमलेल्या बायकांसमोर त्या म्हणाल्या, “दिवसभर घरात राबलं असतं तर रात्री पाय हलले नसते, आणि बसल्या जागी पाय हलवणाऱ्या बाईच्या घरात लक्ष्मी टिकत नाही.” मी तेव्हा बँकेत कॅशच्या काउंटरवर सात-आठ तास बसत होते आणि त्यापूर्वी पहाटे घरातले सगळे आवरून जात होते, लक्ष्मी तर माझ्याच हातांनी मोजली जात होती. मला माझी आई आठवली. जुन्या नऊवारीच्या पट्ट्या फाडून ती रोज रात्री पोटऱ्यांना घट्ट आवळायची आणि विचारले तर “वात आहे” एवढेच म्हणायची. हा त्रास पुष्कळदा वंशातून येतो, हे मला तिच्या पश्चात कळले.

लग्नाहून परतल्यावर आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी झोप यावी म्हणून सर्दी-ॲलर्जीवरची गुंगी आणणारी गोळी दिली आणि त्या रात्री मी पहाटे चारपर्यंत व्हरांड्यात चालले. या जातीच्या जुन्या गोळ्या, उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड, नैराश्यावरची काही औषधे यांनी हा त्रास वाढतो. म्हणून नवी गोळी शोधण्याआधी घरातल्या औषधांचा डबा डॉक्टरांपुढे उघडा, असे मी स्पष्ट सांगेन.

२०१३ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी सांगितली. हिमोग्लोबिन १२.६, म्हणजे उत्तम. फेरिटिन मात्र १४. बँकेच्या भाषेत सांगायचे तर गल्ल्यात रोकड होती आणि तिजोरी रिकामी होती. मेंदूत लोह कमी पडले की डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाचा कारभार बिघडतो, आणि तो तसाही संध्याकाळनंतर मंदावत असल्याने खेळ रात्रीच रंगतो. प्रयोगशाळेच्या कागदावर १५-२० हा आकडाही ‘नॉर्मल’ छापलेला असू शकतो, पण या त्रासात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर डॉक्टर लोह देण्याचा विचार करतात. मी दिवसाआड लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली आणि चहा दोन तास लांब ठेवला, कारण चहा लोह शोषू देत नाही. तीन महिन्यांनी रात्री बदलल्या. त्रास संपला असे मी म्हणणार नाही. संध्याकाळी उशिरा कॉफी झाली की पाय आजही हिशेब मागतात, आणि मग गरम पाण्यात पाय बुडवून पोटऱ्या रगडून घेते.

माझ्या मामेभावाने लोहाची तपासणी न करता प्रामिपेक्सोल हे डोपामिनसारखे काम करणारे औषध सुरू केले. दोन वर्षे त्याला स्वर्ग दिसला, मग वळवळ दुपारीच सुरू होऊन हातांपर्यंत पोचली. या औषधांनी दीर्घकाळात असे उलटते, म्हणून हल्ली ती पहिली निवड मानत नाहीत; गरज पडल्यास नसांच्या दुखण्यावरची गाबापेंटिनसारखी औषधे देतात.

एवढे सांगून झाल्यावर हेही सांगणे भाग आहे की प्रत्येकाचे कारण लोह नसते. गरोदरपण आणि मूत्रपिंडाचे आजार यांतही हा त्रास होतो, अंगात कुठे दाह असेल तर फेरिटिन खोटेच चढलेले दिसते, आणि तपासणीशिवाय लोह खाणे धोक्याचे आहे. पोटरीत गोळा येऊन ती दगडासारखी होत असेल, किंवा तळपाय दिवसाही जळत असतील, तर तुमचा आजार वेगळाच असण्याची शक्यता आहे.

वन्सं अजूनही म्हणतात की लोखंडी कढईत भाजी केली असती तर एवढे झालेच नसते. ती कढई १९९२ च्या संक्रांतीला त्यांनीच मला दिली होती, आणि फेरिटिन १४ आले त्या दिवशीही तिच्यात मेथी शिजत होती.