नोकरीच्या अनुभवावर अमेरिकेतल्या कॉलेजात क्रेडिट मिळतात का?

प्रश्न असा आहे: पुण्यात बी.कॉम.ची दोन वर्षं झाली, तिसरं राहून गेलं, मग अकरा वर्षं एका कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात नोकरी केली. लग्नानंतर आता एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) न्यू जर्सीत आहे. या अनुभवाचे क्रेडिट मिळतील की पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल?

मिळतील, पण अकरा वर्षं नोकरी केली एवढ्यावर नाही. क्रेडिट म्हणजे पदवीसाठी मोजलं जाणारं अभ्यासाचं एकक. ते देतात कामातून जे शिकलात आणि जे सिद्ध करू शकता त्याचं. रोज खरेदी-विक्रीची तीच व्हाउचरं टॅलीत चढवली असतील, तर अकरा वर्षांतून एका कोर्साचंही क्रेडिट निघणं कठीण. कॉस्ट शीट (मालाच्या उत्पादन खर्चाचा तक्ता), बँक रिकन्सिलिएशन (आपली वही आणि बँकेचं खातं जुळवणं), ऑडिटरपुढे उत्तरं देणं ही कामं तीनच वर्षं केली असतील तरी त्यातून जास्त निघेल. तिकडे बॅचलर पदवी साधारण १२० क्रेडिटची असते आणि एक कोर्स बहुधा ३ क्रेडिटचा.

सगळ्यात आधी कॉलेज ठरवा. बाहेरून आणलेले क्रेडिट किती घ्यायचे, कोणत्या विषयात घ्यायचे, हे प्रत्येक कॉलेज आपापलं ठरवतं. निदान ३० क्रेडिट आमच्याकडेच करा, अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. तुम्ही न्यू जर्सीत आहात, तर ट्रेंटनची थॉमस एडिसन स्टेट युनिव्हर्सिटी पहिल्यांदा बघा. १९७२ मध्ये ती निघालीच मुळी नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या प्रौढांसाठी. कनेक्टिकटचं चार्टर ओक स्टेट कॉलेजही त्याच वळणाचं. सल्लागार फोनवर ‘हो, चालेल’ म्हणाले तरी तेच ईमेलवर लिहून घ्या.

मग एफ.वाय.-एस.वाय.चे गुण. स्वस्तात सर्वांत जास्त क्रेडिट इथूनच येतात, आणि लोक नेमके हेच विसरतात. हे गुण अमेरिकन क्रेडिटमध्ये किती होतात याचं कॉलेजला मान्य असलेल्या संस्थेकडून मूल्यमापन करून घ्यायचं, तेही ‘कोर्स-बाय-कोर्स’ प्रकारचं. ‘डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट’ स्वस्त पडतं, पण त्यात विषयवार क्रेडिट नसतात, म्हणून इथे निरुपयोगी. ट्रान्स्क्रिप्ट (विषयवार गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंदच जावं लागतं. घरी आलेलं पाकीट कुतूहलापोटी उघडलं की ते बाद. एटीकेटीत राहिलेल्या विषयाचं काही मिळत नाही. शिवाय नावाची भानगड: मार्कशीटवर आडनाव आधी आणि माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला आणि नावबदलाचं गॅझेट सुरुवातीलाच जोडा, नाहीतर फाइल आठवडेच्या आठवडे पडून राहते.

दुसरा मार्ग क्लेप (सीएलईपी) परीक्षांचा: कोर्स न करता नुसती परीक्षा देऊन त्याचं क्रेडिट मिळवायचं. कॉलेज बोर्ड या अमेरिकन संस्थेच्या या परीक्षा बहुतेक ९० मिनिटांच्या, बहुपर्यायी. गुण २० ते ८० च्या मापावर, आणि सर्वसाधारण शिफारस ५० ला क्रेडिट देण्याची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. फी सुमारे शंभर डॉलर, केंद्राची वेगळी. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स पूर्ण केला तर परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. नापास झालात तर तीच परीक्षा तीन महिने देता येत नाही.

तुम्हाला फायनान्शियल अकाउंटिंग, प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट आणि इन्ट्रोडक्टरी बिझनेस लॉ जमण्यासारख्या आहेत. पण अकाउंट्सवाले पहिल्याच पेपरात अडखळतात ते आत्मविश्वासामुळे. संड्री डेटर्स तिथे अकाउंट्स रिसीव्हेबल होतात, रिझर्व्ह्ज अँड सरप्लसच्या जागी रिटेन्ड अर्निंग्ज येतं. लिफो पद्धत (शेवटी आलेला माल आधी खपला असं धरणं) आपल्याकडच्या लेखा मानकांत चालत नाही. तिथे चालते आणि पेपरात विचारतात. घसाऱ्याला डब्ल्यूडीव्हीऐवजी (उरलेल्या किमतीवर ठरावीक टक्के) डबल डिक्लायनिंग बॅलन्स (सरळ पद्धतीच्या दुप्पट दराने). कायद्याचा पेपर तर अमेरिकन कराराच्या कायद्यावर असतो, आपला १८७२ चा कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट पाठ असून भागत नाही. आणि जे अकाउंट्स बी.कॉम.च्या गुणांतून आधीच मोजलं गेलं, त्याचं क्रेडिट क्लेपमधून पुन्हा मिळत नाही. म्हणून मूल्यमापनाचा अहवाल हातात येईपर्यंत परीक्षा लावू नका.

पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या कामाच्या पुराव्यांची फाइल, शेवटी. हा सर्वांत किचकट मार्ग, पण क्लेपमध्ये नसलेल्या विषयांना हाच उपयोगी. कॉलेजच्या यादीतला एक ठरावीक कोर्स निवडायचा, त्याच्या अभ्यासक्रमात लिहिलेला प्रत्येक मुद्दा घ्यायचा आणि तो तुम्हाला कसा येतो हे पुराव्यासकट लिहायचं. कारखान्यात होतात म्हणून मी कॉस्ट अकाउंटिंगपासून सुरुवात करायला सांगेन: माल, मजुरी, ओव्हरहेड (वरखर्च) कसे वाटले, स्टँडर्ड (आधी ठरवलेला) आणि प्रत्यक्ष खर्चात फरक का पडला, तो कसा शोधला. ‘मी कॉस्टिंग बघत होते’ हे वाक्य परीक्षकाच्या काही कामाचं नाही. तो त्याच विषयाचा प्राध्यापक असतो, तुम्हाला तत्त्व समजलंय का ते त्याला बघायचं असतं. आठातले पाच मुद्दे आले म्हणून अर्धं क्रेडिट, असं अनेक ठिकाणी होत नाही. दिलं तर पूर्ण, नाहीतर शून्य. फी तपासणीची असते, क्रेडिट नाकारलं तरी परत येत नाही. जीएसटी-टीडीएसवर टॅक्सचं क्रेडिट मागू नका, कारण तिथला कोर्स तिथल्या कायद्याचा असतो.

पुराव्यात कंपनीचं पत्र महत्त्वाचं. आपल्याकडचं अनुभवपत्र ‘वर्तणूक चांगली होती, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ इथेच संपतं. तुम्हाला लेटरहेडवर तारखा, नेमकी कामं, हाताखाली किती माणसं आणि कोणते निर्णय स्वतः घेत होतात, एवढं हवं. मसुदा स्वतः लिहून पाठवा, जुने साहेब सही करतील. सोबत कॉस्ट शीट किंवा रिकन्सिलिएशनचे नमुने जोडा, पण कंपनीच्या परवानगीने आणि गिऱ्हाइकांची नावं, आकडे झाकून.

एच-४ वर शिकायला अडचण नाही, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही. मात्र सरकारी फेडरल मदत मिळत नाही, खर्च खिशातूनच. पुढे सीपीए (आपल्याकडच्या सी.ए.सारखी अमेरिकन पात्रता) करायचं मनात असेल, तर परीक्षेतून किंवा पोर्टफोलिओतून आलेले अकाउंटिंगचे क्रेडिट राज्याचं बोर्ड धरतं का, हे आधी विचारा. न धरल्यास तेवढे विषय वर्गात बसूनच केलेले बरे.

आणि ‘बायोडेटा पाठवा, आठवड्यात पदवी’ म्हणणाऱ्या जाहिरातींकडे फिरकू नका. २०१५ मध्ये कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा असल्या विद्यापीठांच्या वेबसाइटींचं अख्खं जाळं उघडं पडलं होतं. कॉलेजची मान्यता अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ऑनलाइन यादीत तपासता येते. न्यू जर्सीतल्या कॉलेजांपुढे तिथे बहुधा मिडल स्टेट्स कमिशन या मान्यता देणाऱ्या संस्थेचं नाव दिसेल.