‘बायल्या’ म्हणजे ‘गे’ का?

प्रश्न असा आहे: इंग्रजी कथेच्या अनुवादात ‘गे’साठी ‘बायल्या’ चालेल का? आणि समलिंगी स्त्रीसाठी अशी मराठी शिवी का सापडत नाही?

नाही चालणार. ‘बाईल’ म्हणजे बायको. तुकोबांच्या अभंगांत ती भेटते, गोव्याच्या कोकणीत ‘बायल’ आजही रोजच्या बोलण्यात आहे. त्यावरून ‘बायल्या’: बायकी वागणारा, भित्रा, रडका. त्याला कोण आवडतं याच्याशी शब्दाला मुळात देणंघेणं नाही. दोन पोरांचा बाप भांडणात मागे सरला तरी बायल्या ठरतो. गंमत म्हणजे बायकोवर फार जीव टाकणारा ‘बाईलवेडा’ हाही जुना टोमणाच! पुरुषावर प्रेम करा नाहीतर स्वतःच्या बायकोवर जरा जास्त करा, हिणवणं ‘बाईल’वरूनच. खटकतं ते प्रेम नव्हे, पुरुषाने बाईच्या पायरीला उतरणं. ती पायरी खालची धरली आहे म्हणूनच मोर्चेकरी अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करतात, आणि तोही बहुधा बायकांच्या हातून.

ही उतरंड समलिंगी पुरुषांच्या बोलीतही शिरली आहे. तिथे ‘कोती’ म्हणजे बायकी ढंगाचा, ‘पंथी’ म्हणजे मर्दानी. अनेक पंथी स्वतःला समलिंगी मानतच नाहीत. संबंधात आपण ‘पुरुषा’च्या जागी आहोत, एवढं त्यांना पुरतं. बदनामी कोतीच्या वाट्याला. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या 377 कलमावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालात न्या. चंद्रचूड यांनीही लैंगिक कलावरून होणारा भेदभाव स्त्री-पुरुषांच्या ठरीव भूमिकांशी जोडून दाखवला होता.

आता दुसरा प्रश्न, समलिंगी स्त्रीसाठी शिवी का नाही? पुरुषासारखी वागणारी बाई तर पायरी चढते. पायरी चढणाऱ्याला शिवी कशी देणार? ‘मर्दानी’ हे तर कौतुकच. ‘पुरुषी’मध्ये नाक मुरडणं आहे, पण ‘बायल्या’ची धार नाही. शिवाय बाईला स्वतःची इच्छा असते हेच जिथे मान्य नव्हतं, तिथे त्या इच्छेला नाव कोण ठेवणार? तिचं लग्न लावून दिलं की विषय संपला, शिवीची गरजच पडत नाही.

तेव्हा निवेदनात ‘समलिंगी’ लिहा किंवा सरळ ‘गे’ ठेवा. एखादं पात्र दुसऱ्याला हिणवत असेल, मूळ इंग्रजीत ‘सिसी’ (बायकी पुरुषाला हिणवणारा शब्द) वगैरे असेल, तर त्याच्या तोंडी ‘बायल्या’ खुशाल घाला. तिथे तो चपखल बसेल.