जुना फॉक्सप्रो ठेवायचा की फेकायचा?

प्रश्न : नमस्कार सर, आमच्या पतसंस्थेचं काम १९९८ पासून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतंय, ज्यांनी प्रोग्राम करून दिला ते आता रिटायर झालेत. आता वेबवर नवी सिस्टीम करायचीय. संचालक म्हणतात व्याजाचा हिशोब अन् रिपोर्ट जुनेच घ्या, इतक्या वर्षांत एक पैशाची चूक नाही. नवीन प्रोग्रामर म्हणतो सगळंच फेका. कुणाचं ऐकू?
– एक व्यवस्थापक, सांगली जिल्हा

उत्तर : दोघांचंही ऐकू नका, पण प्रोग्रामरचं जरा कमीच ऐका.

आधी संचालकांसाठी. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्यांदा उडालं. दिशा अन् वेग सांगणारं सॉफ्टवेअर एरियन ४ मधून उचललेलं, तिथं ते अगदी नीट चालायचं. पण नव्या रॉकेटचा आडवा वेग सुरुवातीलाच खूप जास्त, त्याचा आकडा १६ बिटच्या जागेत, म्हणजे ३२,७६७ च्या आत मावेना, झालं, प्रोग्राम बंद. बॅकअप होता पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, तो तर क्षणभर आधीच गेलेला. सुमारे ४० सेकंदांत रॉकेटचे तुकडे. अन् कहर म्हणजे जो भाग अडकला त्याचं एरियन ५ मध्ये उड्डाणानंतर काही कामच नव्हतं, जुन्यात लागायचा म्हणून राहिलेला. त्या कोडला कुणी नवं रॉकेट दाखवलंच नव्हतं.

तुमच्याकडे हेच बघायचं. कर्जाच्या रकमेची फील्ड, म्हणजे आकडा साठवायची जागा, किती अंकी आहे? आठची असेल तर बिंदू अन् पैसे धरून ९९,९९९.९९ पर्यंतच नीट बसतं. वर्ष दोन अंकी आहे का? एका वेळी एकच क्लार्क एंट्री करणार असं धरलंय का? वेबवर चार शाखा एकदम घुसणार.

आता प्रोग्रामरसाठी. एका संस्थेच्या कोडमध्ये मला एक ओळ सापडली, ठरावीक नंबरच्या आतल्या खात्यांना दंडव्याज शून्य. पोरं म्हणाली बग आहे, काढा. जुने अकाउंटंट म्हणाले थांबा, दुष्काळात सभेनं ठराव केला होता. अशा गोष्टी फक्त कोडमध्येच उरलेल्या असतात. म्हणून व्याजाचा कोड उचलू नका, नियम उचला, साध्या मराठीत कागदावर लिहून संचालकांची सही घ्या आणि मग नव्यानं लिहा.

रिपोर्ट बिनधास्त टाकून द्या, ते काय परत होतात.

सभासदांची नावं जुन्या फॉन्टात असतील तर मात्र सांभाळून. ‘शिर्के’ टाईप करताना आधी वेलांटी, मग श, रफार शेवटी, तसंच साठवलेलं असतं. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, वेलांटी श नंतर अन् रफाराचा र हा क च्या आधी. कन्व्हर्टर लावला तरी जोडाक्षरांची नावं कुणीतरी डोळ्यांनी तपासायलाच हवीत, नाहीतर शिर्के शोधून सापडणार नाहीत आणि ते काउंटरवर उभे असतील.

मग मार्चअखेर धरून तीन महिने दोन्ही सिस्टीम सोबत चालवा, रोजमेळ अन् खतावणी पैशापर्यंत जुळवा, फरक आला तर नवीनच चुकलं असं लगेच धरू नका. आणि ते रिटायर झालेले गृहस्थ गावातच असतील तर कोडचे प्रिंटआउट घेऊन एक दुपार त्यांच्याकडे जाऊन बसा, चहा तेच पाजतील.